मराठी विज्ञानकथेतील परग्रहवासी : परकेपणाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री आठच्या सुमारास, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशरेषा लोकांनी पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. त्याच तालुक्यातील पवनपार येथे धातूचा एक गोळा सापडला. चीनच्या चांग झेंग ३बी या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे मत खगोल-अभ्यासकांनी लवकरच मांडले. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही त्या वस्तूंची पाहणी केली. परंतु हे स्पष्टीकरण लोकांपर्यंत पोचण्यापूर्वीच्या काही तासांत जो शब्द सर्वांच्या तोंडी होता, तो होता 'एलियन'.

त्या आठवड्यात बी. ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी एक लेखनाभ्यास दिला : त्या कड्यातून कोणी उतरले असते, तर ते कसे असते? बहुतेक सर्व उत्तरांत मोठे डोके, मोठे डोळे, बारीक हातपाय आणि निळा किंवा हिरवा रंग होता. 'कोई मिल गया' (२००३) या चित्रपटातील जादूची छाया त्यांवर स्पष्ट होती. एकच उत्तर निराळे निघाले. त्याचा उल्लेख पुढे येईल. आपल्या कल्पनेतील परका जीव इतका ओळखीचा का असतो, आणि मराठी विज्ञानकथेने या बाबतीत काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'अमानवी' या शब्दाची अडचण

विवेचनाच्या आरंभीच एक भाषिक अडचण समोर येते. माणूस नसलेल्यासाठी मराठीत 'अमानवी' व 'अमानुष' असे शब्द आहेत. परंतु 'अमानुष' म्हणताच मारहाण, अत्याचार, क्रौर्य यांचेच स्मरण होते. म्हणजे जे माणसासारखे नाही ते क्रूर असणार, हा निवाडा शब्दातच दिलेला आहे. 'मानवेतर' हा शब्द निर्दोष असला तरी तो ग्रंथांत राहिला, बोलण्यात उतरला नाही. 'परग्रहवासी' हा शब्द तर केवळ पत्ता सांगतो. तो जीव कुठे राहतो ते कळते. तो कसा आहे, याविषयी त्यातून काहीच कळत नाही. परकेपणाचे चित्रण करू पाहणाऱ्या मराठी लेखकाची वाट या शब्दसंग्रहातून जाते, हे ध्यानात ठेवावे लागते.

नारळीकरांची परंपरा

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने या प्रकाराला मोठी चालना दिली. १९७४ मध्ये याच स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले आणि जयंत नारळीकर कथाकार म्हणून पुढे आले. विज्ञानप्रसार हा आपल्या कथालेखनाचा हेतू आहे, हे त्यांनी कधीही लपविले नाही. या हेतूने मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. तिची मर्यादाही याच हेतूतून निर्माण झाली, असे मला वाटते. जी कथा वाचकाला काही समजावून देण्यासाठी लिहिली जाते, तिच्या अखेरच्या पानापर्यंत काहीच अनाकलनीय राहू शकत नाही. परग्रहवासीही अशा कथेत उदाहरणासारखा सुटतो.

नारळीकरांच्या पुस्तकांची शीर्षके पाहावीत : 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासूर', 'प्रेषित', 'वामन परत न आला'. यक्ष, भस्मासूर, वामन ही सारी नावे मराठी वाचकाच्या लहानपणापासूनची आहेत. अपरिचित वस्तूला पुराणातले नाव देणे ही मोठी सोय असते, कारण नावाबरोबर स्वभावही तयार मिळतो. 'प्रेषित' या कादंबरीतील परग्रहावरचा जीव पृथ्वीवर माणसाचे मूल म्हणून वाढतो. त्याच्यापुढील पेच निष्ठेचा आहे. आपण कोणाचे, हा आहे. पेच खरा आहे, हृद्य आहे, परंतु तो कोणत्याही दत्तक मुलाचा असू शकतो. 'वामन परत न आला' मध्ये तर जमिनीखाली सापडलेले प्रगत ज्ञान परग्रहावरचे नाहीच; ते पृथ्वीवर पूर्वी होऊन गेलेल्या संस्कृतीचे आहे. परका शोधावयास निघालेली कथा पूर्वजापाशी येऊन थांबते.

येथे नारळीकरांच्या गुरूंचे स्मरण अपरिहार्य आहे. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी केंब्रिजमध्ये संशोधन केले, त्या फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील परका जीव म्हणजे वायूचा एक अवाढव्य मेघ आहे. तो सूर्याभोवती ऊर्जा घेण्यासाठी थांबतो आणि पृथ्वीवर हाहाकार उडतो. त्याच्या मनात वैर नाही. घन ग्रहाच्या पृष्ठभागावर बुद्धिमान जीव असू शकतात याचेच त्याला आश्चर्य वाटते. अर्थात हा मेघ लवकरच सफाईने इंग्रजी बोलू लागतो, हा त्या कादंबरीतील कच्चा दुवा मानावा लागेल. मात्र मेघाची विचारपद्धती आपल्या मेंदूत उतरवून घेऊ पाहणारा किंग्जली त्या प्रयत्नात मरण पावतो, तेथे हॉईल यांनी परकेपणाची खरी किंमत ओळखलेली दिसते. ज्ञान येथे माणसाला पेलत नाही. गुरूच्या या अंगाचा वारसा शिष्याच्या कथेत का उतरला नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारावयास हवा होता.

पाश्चात्त्य परंपरेतील दोन वाटा

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मधील मंगळवासी दिसावयास किळसवाणे आहेत, परंतु त्यांचे वर्तन साम्राज्यवाद्याचे आहे. वेल्स यांनी आरंभीच टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली आहे. म्हणजे मंगळवासी हा मुखवटा असून आत युरोपीय माणूसच आहे. ही पहिली वाट. दुसरी वाट स्टॅन्ली वाइनबाम यांच्या 'अ मार्शन ओडिसी' (१९३४) या कथेत दिसते. तिच्यात सिलिकॉनचा बनलेला एक प्राणी ठरावीक वेळाने शरीरातून एक वीट बाहेर टाकतो, स्वतःभोवती मनोरा रचतो, आणि मनोरा पुरा झाला की तो फोडून पुढे सरकतो. का? त्याला 'का' नाहीच. स्तानिस्वाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) मध्ये ही वाट टोकाला जाते. तेथील परका जीव म्हणजे ग्रह व्यापणारा महासागर. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन होते, ग्रंथालये भरतात, पंथ पडतात, आणि महासागराला काय हवे आहे हे कोणालाच कळत नाही. परक्या जीवाचे आकलन झाले नाही तर कथा कशी होणार, या आक्षेपाचे उत्तर लेम यांनी दिले आहे : आकलनाचे अपयश हीच कथा.

पहिल्या वाटेचा संबंध आमच्या भागाशी थेट येतो. 'अवतार' (२००९) या चित्रपटातील परग्रहवासी म्हणजे निळ्या रंगाचे आदिवासी आहेत; त्यांच्या भूमीखाली मौल्यवान खनिज आहे आणि ते काढण्यासाठी यंत्रे आली आहेत. एटापल्ली-भामरागडकडील विद्यार्थ्यांसोबत हा चित्रपट पाहताना त्यांतील एक जण सहज म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्याकडचेच आहे." त्यानंतर चर्चा चित्रपटावर राहिली नाही, ती सूरजागडच्या लोहखाणीवर गेली. या प्रतिक्रियेत आपुलकी होती आणि मला अस्वस्थ करणारेही काही होते. जगातील सर्वांत खर्चिक कल्पनाशक्तीला परका जीव कल्पावयाचा होता, तेव्हा तिने त्याला आदिवासीचा देह दिला. ज्या मुलांच्या आजी-आजोबांविषयी शहरी प्रवासवर्णनांत 'विचित्र', 'गूढ', 'आदिम' असे शब्द सैलपणे वापरले गेले, ती मुले आमच्या वर्गात माडिया भाषा घरी ठेवून मराठीत परीक्षा देतात. त्यांना परग्रहवासी ठरविणारे साहित्य त्यांच्यावर अन्याय करते, आणि परग्रहवासीवरही. माणसाला परके करणे आणि परक्याला माणूस करणे या दोन्ही चुका एकाच आळसातून होतात.

अरण्यलेखनातील परका

मग मराठीत खरा परका कुठे भेटतो? माझ्या मते तो विज्ञानकथेत कमी आणि अरण्यलेखनात अधिक भेटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीत नवा नर सत्ता घेतो आणि पिल्ले मारली जातात. शीर्षक माणसाच्या राजकारणातून घेतलेले आहे, हे मान्य. परंतु कथन वानरांना नीती-अनीतीच्या तराजूत घालण्याचे टाळते. वाचक हादरतो आणि त्याला दोष देण्यासाठी कोणी सापडत नाही. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातही पक्षी-प्राणी माणसासाठी काही सिद्ध करण्यास बांधील नसतात. ते आपल्या कामात असतात आणि लेखक बाजूला उभा असतो. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले आणि चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी. महिन्याच्या आत दोघांवर मृत्युलेख लिहिले गेले. या दोघांच्या लेखनाचा एकत्र विचार मात्र माझ्या वाचनात आला नाही. एकाने आकाशाकडे पाहिले, दुसऱ्याने रानाकडे, एवढ्यावर ते वेगळ्या कप्प्यांत ठेवले गेले.

आता त्या निराळ्या उत्तराकडे येते. ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी मध काढतात. त्याने लिहिले होते की, कड्यातून उतरणारा एक नसेल, तो आग्या मोहोळासारखा असेल. त्यातले शंभर मेले तरी तो मेला असे होणार नाही, आणि बोलायचे कोणाशी हे आपल्याला कळणार नाही. विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, परंतु विज्ञान त्याच्या बाजूला आहे. आग्या माश्यांच्या उघड्या पोळ्याजवळ गांधीलमाशी आली की हजारो माश्या क्रमाने पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकत जाते. या माश्या चांदण्या रात्रीही चाऱ्यासाठी बाहेर पडतात. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या भाषेत दिशा आहे, अंतर आहे, 'मी' नाही. पोळ्याला काही वाटते का, आणि वाटत असल्यास ते कोणाला, हे आपण विचारू शकतो, इतकेच.

उत्तराची शेवटची ओळ अशी होती : "त्याला काय पाहिजे ते मला माहीत नाही, म्हणून पुढे लिहिले नाही." वर्गात ते वाचून दाखविले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मग गोष्ट पुढे कशी जाणार, मॅडम?" तास संपत आला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही 'सत्तांतर' वाचावयास घेतले.