सभामंडपाचा कान

कादंबरीवर, कवितेवर, नाटकावर टीका लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. देवळाच्या सभामंडपावर कोणी टीका लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. शिल्पाविषयी, कळसाविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण ते सारे डोळ्यांनी केलेले परीक्षण. वास्तू कानानेही वाचता येते, हे सहसा कोणाला सुचत नाही. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही, आणि पोटासाठी मास्तरकी व हौसेसाठी कादंबऱ्या यांतच निम्मे आयुष्य सरले. तरीही आज एका सभामंडपावर टीका लिहायला बसलो आहे; कारण त्याने माझ्या डोळ्यांदेखत एका वाङ्मयप्रकाराचा गळा दाबला.

आमच्या गावी विठ्ठलाच्या देवळापुढे जुना लाकडी मंडप होता. सागवानी खांब, वर तुळया नि कौले, तीन बाजू उघड्या. एकादशीला कीर्तन असे. महाराजांचा आवाज काही फार मोठा नव्हे, पण त्यांचा शब्द बाहेरच्या निंबाच्या पारापर्यंत स्वच्छ जाई. माझी थोरली आत्या तिसऱ्या खांबाला टेकून बसायची. तिला वाचता येत नाही. तुकोबा, नामदेव, जनाबाई हे सारे तिला या मंडपात कानावाटे भेटले.

पुढे खांबांना वाळवी लागली. गावाने वर्गणी काढली आणि नवा सभामंडप बांधला. सिमेंट काँक्रीटचा, मधोमध घुमट, खाली संगमरवर, भिंतींना चकचकीत फरशा, खिडक्यांना काचा. मागच्या भिंतीवरील फरशांवर देणगीदारांची नावे कोरली. मीही यथाशक्ती दिले. वडिलांचे नाव लागले. पाहणारा म्हणेल, वाहवा! मीही म्हटले.

पहिल्या एकादशीला महाराज उभे राहिले. अभंगाचा पहिला चरण झाला. टाळ-पखवाज घुमले, अंगावर काटा आला. मग निरूपण सुरू झाले, आणि पाचव्या मिनिटाला बायकांच्या बाजूने कुजबुज ऐकू येऊ लागली. घरी येताना आत्या म्हणाली, "शब्द काय बी उमगंना बघ. नुसतं घुमतंय." तिचे वय झाले, असे आम्ही मनाशी म्हटले. पण चौथीतल्या पोरांनाही कळले नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात समजले.

एका दुपारी मंडप रिकामा पाहून मी मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. आवाज पुरता विरायला चारएक सेकंद लागले. चार सेकंद म्हणजे काय फार, असे वाटेल. पण सावकाश बोलणारा माणूसही सेकंदाला चारेक अक्षरे उच्चारतो. म्हणजे सतरावे अक्षर तोंडातून निघते तेव्हा आधीची सोळा अक्षरे कमीअधिक जोराने हवेत शिल्लक असतात. दहा मुलांनी एकाच पाटीवर, न पुसता, एकावर एक लिहावे, तसे हे. पाटी भरलेली दिसते. वाचता मात्र येत नाही.

शास्त्रज्ञ याला निनाद म्हणतात. डोंगरावरून वेगळा, ओळखू येणारा जो परत येतो तो प्रतिध्वनी. असंख्य प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जो लोळ होतो तो निनाद. या लोळाला मापात बसवणारा माणूस अमेरिकेचा, वॉलेस सॅबिन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना, म्हणून या तरुण अध्यापकावर ते काम आले. तिथे एक शब्द ५.६२ सेकंद रेंगाळत होता. सॅबिनने काय करावे? शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडून निनाद मोजला, आणखी आणल्या, पुन्हा मोजला. त्यातून नियम निघाला तो असा: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब, आणि आवाज पिऊन टाकणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखूड. संगमरवर, काच, गिलावा हे जवळजवळ काहीच पीत नाहीत. गादी, गोधडी, माणसाच्या अंगावरचे कपडे पुष्कळ पितात. म्हणूनच गच्च भरलेल्या मंडपात थोडे तरी ऐकू येते आणि चार म्हातारी माणसे बसलेली असतात तेव्हा काहीच नाही.

पण या हकिकतीतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. आवाज पिण्याचे माप म्हणून सॅबिनने काय घेतले असेल? उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषण करते असे त्याने धरले आणि बाकी साऱ्या वस्तू तिच्याशी ताडून पाहिल्या. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या जुन्या मंडपाच्या तीन बाजू म्हणजे तीन भल्यामोठ्या उघड्या खिडक्याच होत्या. त्या सुताराने सॅबिनचे नाव ऐकले नव्हते. आम्ही मात्र लाखो रुपये खर्चून त्या खिडक्या बुजवल्या.

त्यात घुमट. शाळेची सहल विजापूरला नेली की पोरे गोलघुमटात किंचाळून घसा बसवून घेतात. तो महंमद आदिलशहाचा मकबरा आहे, प्रार्थनागृह नव्हे. तिथे कोणी निरूपण करायचे नसते. त्याच्या गच्चीत एका बाजूला पुटपुटलेले समोरच्या बाजूला ऐकू येते. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज गोळा करतो आणि आपल्या मर्जीच्या जागी नेऊन टाकतो. आमच्या घुमटाखाली नेमकी अशी एक जागा आहे. तिथे महाराजांचा शब्द दोनदा ऐकू येतो, आणि दोन हात सरकले की एकदाही नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर निनादाचे वैरी दिसतात. तसे नाही. कान्स्टँटिनोपलची हागिया सोफिया घ्या. ५३७ साली पुरी झालेली ती वास्तू. घुमट जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच, आणि निनाद दहा सेकंदांहून लांब. तिथे भरभर बोलून चालणारच नव्हते. तिथल्या ख्रिस्ती उपासनेत एकेक स्वर लांबवत नेणारे गायन होते. त्या गायनाला निनाद अडथळा नव्हता. एक गवय्या तो स्वतःच होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे फुगे फोडून तो निनाद टिपला आणि तो गणकयंत्राच्या साह्याने गायकांच्या आवाजावर चढवून २०१९ साली ध्वनिमुद्रिका काढली. वास्तू तुर्कस्तानात, गाणारे अमेरिकेत. आमच्या मंडपातही गजर सुरू होतो तेव्हा मी डोळे मिटतो. शंभर माणसे हजारांसारखी वाटतात. गजरासाठी हा मंडप उत्तमच आहे, हे टीकाकाराने प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

तेव्हा दोष निनादाचा नाही. काय ऐकायचे आहे हे बांधण्याआधी कोणी विचारले नाही, हा दोष. न्यूयॉर्कच्या सेंट टॉमस चर्चची गोष्ट या बाबतीत मोठी बोलकी आहे. १९१३ साली पुऱ्या झालेल्या त्या चर्चसाठी सॅबिन आणि गुआस्ताविनो या बांधकाम व्यावसायिकाने मिळून आवाज पिणारी सच्छिद्र कौले तयार केली. दिसायला दगडासारखी, पण प्रवचन समजावे म्हणून केलेली. पुढच्या पिढ्यांना ऑर्गन आणि समूहगायन प्रिय झाले. त्यांना ती वास्तू मुकी वाटू लागली, आणि त्यांनी त्याच कौलांची छिद्रे लेप देऊन बुजवली! बापाने शब्दासाठी बांधले, लेकाने सुरासाठी लिंपले. मला यात कोणीच चुकले असे वाटत नाही. आपल्याला काय हवे, हे दोघांनाही ठाऊक होते.

आमच्याकडे ते कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून उपाय झाला तो कर्ण्यांचा. चार कोपऱ्यांत चार मोठे कर्णे बसले. आवाज दुप्पट झाला तसा निनादही दुप्पट झाला. शिवाय चार कोपऱ्यांतून एकच शब्द चार वेगवेगळ्या वेळी येऊ लागला. विजेने आवाज वाढवूच नये, असे माझे म्हणणे नाही. लंडनच्या सेंट पॉल्सचेच पाहा. ते बांधणारा क्रिस्तोफर रेन. प्रवचनकाराचा शब्द समोर ५० फूट, बाजूंना ३० फूट आणि पाठीमागे २० फूटच पोचतो, असे त्यानेच १७११ साली लिहून ठेवले. आणि त्याच्याच या घुमटाने दोनअडीचशे वर्षे प्रवचने गिळली. १९५०च्या दशकाच्या आरंभी तिथे पार्किन व टेलर यांनी उंच, अरुंद खांबांसारखे कर्णे बसवले. त्यांचा आवाज वर घुमटाकडे न जाता आडवा, माणसांच्या कपड्यांत जातो. दूरच्या कर्ण्यांना आवाज किंचित उशिरा दिला, म्हणजे मूळ शब्द पोचल्यावर लगेच कर्ण्याचा शब्द पोचतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, प्रवचनकारच बोलतो आहे. जोर त्यात थोडा आहे, हिशेब फार आहे. विजेपूर्वीची युक्ती पाहायची तर जुन्या गोव्यात बाँ जेजूसमध्ये जावे. तिथले व्यासपीठ वेदीपाशी नाही. बाजूच्या भिंतीला, लोकांच्या जवळ आहे आणि त्यावर छत्र आहे. वर उडू पाहणारा शब्द छत्र लगेच खाली लोटते.

आता मुख्य मुद्दा, जो सांगण्यासाठी हा लेख लिहिला. गेल्या काही वर्षांत आमच्या गावचे कीर्तन बदलले. महाराजांनी आधी निरूपण आखडते घेतले. मग दृष्टांत गेले, कारण दृष्टांताला तपशील लागतो. मग विनोद गेला. विनोदाचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर माणसे हसणार कशाला? राहिला गजर. लोक म्हणतात, महाराज थकले, पाठांतर विसरले. मी म्हणतो, हे संपादन सभामंडपाचे आहे. कोणी लेखकाच्या हस्तलिखितावर अशी लेखणी चालवली असती तर आपण अंक भरभरून वाद घातला असता. इथे हू की चू झाले नाही. आत्याने कीर्तनाला जाणेच सोडले.

आणि तरी गेल्या सप्ताहात एक चमत्कार झाला. मंडपवाल्याने शोभेसाठी छताखाली चुणीदार कापड बांधले आणि मागच्या भिंतीपासून हातभर पुढे जाड कनाती सोडल्या. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी सहज एक जुना विनोद केला आणि मागच्या रांगेतून हसू आले. ते क्षणभर थांबले. मग जे सुरू झाले ते दोन तास चालले. आत्याला मी बळेच नेले होते. ती वाटभर मला दृष्टांत सांगत आली. पखवाजाची घुमी तेवढी कापडाला जुमानत नव्हती. खालच्या सुरांना जाड भरणच लागते. दुसऱ्या दिवशी मंडपवाला कापड सोडून घेऊन गेला. मंडळींनी श्रेय नव्या ॲम्प्लिफायरला दिले.

मी लेखी सूचना केली आहे. खिडक्यांच्या काचा काढाव्यात. कोपऱ्यांतले कर्णे काढून लहान कर्णे खांबांवर, बसलेल्या माणसांच्या दिशेने लावावेत. मागच्या भिंतीवर लाकडी चौकटींत काथ्याचे वा खनिज लोकरीचे जाड भरण घालून वर खादी ताणावी. आणि पैसे जमेपर्यंत घरोघरच्या जुन्या गोधड्या टांगून पाहाव्यात. गोधड्या जमवायचे काम आत्याने अंगावर घेतले आहे. "दगडावर एवढा पैसा घातला तो काय झाकायला?" असे मला तोंडी सांगण्यात आले, आणि मग, थोडे अवघडून, "भिंतीवर लोकांची नावं आहेत, मास्तर."

डावीकडून चौथ्या फरशीवर माझ्या वडिलांचे नाव आहे. पहिली गोधडी तिच्यावर टांगावी, असे मी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.