नोंद आहे, राखण नाही

विकिपीडियावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही एखाद्याच्या चारित्र्याची चौकशी करावी तसा विचारला जातो. उत्तरादाखल 'नेचर'ने २००५ मध्ये केलेली तपासणी पुढे केली जाते. विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांनी पाहिल्या. विकिपीडियात नोंदीमागे सुमारे चार, तर ब्रिटानिकात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ही तपासणीच सदोष ठरवली. तो वाद बाजूला ठेवला तरी ती परीक्षा इंग्रजीतल्या, अनेकांच्या नजरेखालून गेलेल्या नोंदींची होती. घाटंजीत बसून मराठी विकिपीडिया उघडणाऱ्याला तिचा उपयोग थोडाच.

आमच्या तालुक्यातल्या गावांच्या नोंदी पाहाव्यात. अमुक हे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातील एक गाव आहे, हे एक वाक्य. पुष्कळ ठिकाणी त्याखाली हवामानाचा परिच्छेद, तोही शेजारच्या गावाच्या नोंदीत शब्दशः तसाच. यात चूक म्हणावी असे काही नाही, आणि त्या गावाचे म्हणावे असेही काही नाही.

अशा नोंदींचा आधार बहुधा जनगणनेची गावयादी असते, आणि यादी महसुली गावांची असते. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. पोड पुष्कळदा दुसऱ्याच गावाच्या शिवारात मोजले जाते, म्हणून त्याची वेगळी नोंद होत नाही. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातल्या तीन आदिम जमातींत गणलेली, द्राविड कुळातली कोलामी बोलणारी ही माणसे. त्यांच्या वस्त्या कोशात नाहीत. माझ्या मते अविश्वसनीयता ती हीच. चुकीचे वाक्य कधीतरी सापडते, नसलेले वाक्य कुणाला खटकतही नाही.

कुणी पोडाची नोंद करायला बसलाच, तर विकिपीडिया पडताळता येईल असा प्रसिद्ध आधार मागतो. पोडातल्या म्हाताऱ्याची आठवण आधार ठरत नाही. नियम रास्त आहे. तो नसता तर जो तो आपल्या आजोबांना जहागीरदार करून मोकळा झाला असता! पण ज्यांच्याविषयी छापलेलेच थोडे, त्यांना तो जड जातो. शिवाय छापलेलेही निर्धोक नसते. रोमन लिपीतल्या यादीतून नाव मराठीत परतले की केळापूरचे केलापूर होते.

छापील कोशांकडे वळावे, तर केतकरांच्या ज्ञानकोशाला शतक उलटले. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघू लागलेल्या विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, म्हणजे चुकीला धनी असतो. मात्र गावाची लोकसंख्या त्या त्या खंडाच्या वेळची, आणि संकेतस्थळावर आल्यावरही तीच. विकिपीडियाचे बळ वेगळे आहे: प्रत्येक बदल तारखेनिशी 'इतिहासा'त राहतो. तो उघडून पाहावा. एकाच सदस्याने नोंद केली आणि नंतर कुणी फिरकलेच नाही असे दिसले, तर ते राखण नसलेले शेत समजावे.

घाटंजीच्या एखाद्या स्मरणिकेत तालुक्यातल्या पोडांची नावे, तिथल्या माणसांना विचारून, छापली गेली तर उद्या तीच आधार म्हणून दाखवता येतील. अट एकच, त्या स्मरणिकेने तालुक्याची माहिती विकिपीडियावरून उतरवलेली नसावी.