मालकाचा चेहरा

घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण हा आपल्या विनोदाचा हक्काचा विषय आहे. त्याकडे गांभीर्याने पाहणारी कलाकृती मात्र विरळाच. म्हणून सईद मिर्झा यांचा ‘मोहन जोशी हाजिर हो’ (1984) हा चित्रपट अलीकडे मी पुन्हा एकदा पाहिला. चित्रपट हिंदी, पण नायक मराठी. आणि भीष्म साहनी व दीना पाठक यांनी उभे केलेले ते वृद्ध जोडपे तर आपल्याच एखाद्या वाड्याच्या माडीवर बिऱ्हाड करून राहिलेले वाटावे असे.

कथा थोडकी आहे. मोडकळीला आलेल्या मुंबईच्या चाळीची दुरुस्ती मालक करीत नाही, म्हणून मोहन जोशी दावा लावतात. तारखांमागून तारखा पडतात. वकिलांची भरभराट होत जाते आणि जोशी रिकामे होत जातात. नसीरुद्दीन शाह व सतीश शाह यांचे वकील म्हणजे उघड विडंबन आहे, तरी ते खोटे वाटत नाहीत. कोर्टाची पायरी झिजवलेल्यांना तर नाहीच नाही. परंतु मला चित्रपटाचे खरे बळ जाणवले ते शेजाऱ्यांच्या थट्टेत. ज्या छपरासाठी हा म्हातारा लढतो, त्याच छपराखालची माणसे त्याला हसतात. हे निरीक्षण अस्सल आहे. शेवटी न्यायाधीश पाहणीला येतात, तेव्हा इमारतीला टेकू देऊन डागडुजीचा देखावा केलेला असतो. जोशी ते टेकूच पाडतात आणि ढिगाऱ्याखाली सापडतात.

उणीव आहे ती मालकाच्या चित्रणात. अमजद खान यांचा मालक हा बिल्डर आहे, धनदांडगा आहे, आणि त्यापलीकडे काहीच नाही. तो दुरुस्ती का करीत नाही, याचे उत्तर चित्रपट केवळ लोभात शोधतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. मुंबई इलाख्याच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सामान्यतः 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या भाड्याला बांधून ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला त्याने आधार दिला, यात शंका नाही. पण चुना, लाकूड, मजुरी यांचे दर वाढत गेले आणि भाडे जागीच राहिले. 1969 मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. 2000 साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. मिर्झांचा रोख या गाठीकडे नाही. त्यामुळे जोशींचा शत्रू सोपा होतो, आणि शत्रू सोपा झाला की शोकांतिका थोडी हलकी होते.

चमत्कारिक वाटेल, पण या बाबतीत ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) मला अधिक न्यायी वाटतो. तेथील लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात. म्हणून दोन तरुणांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. आपण पोट धरून हसतो, परंतु फसवणूक होते ती एका म्हातारीच्या विश्वासाची, हे चित्रपट विसरू देत नाही. मालकीणही माणूस आहे, एवढे तरी तो मान्य करतो. त्यापुढे तो जात नाही. प्रहसनाकडून तशी अपेक्षाही नसावी.

मालक आणि भाडेकरू दोघेही बेताच्या स्थितीतले, एकाच अंगणात वावरणारे, ही आमच्या इंदुरी वाड्यांची गोष्ट दोन्हींत नाही. येथे 1961 च्या कायद्यातील कलम 12 ची कारणे असल्याखेरीज भाडेकरूला काढता येत नसे, आणि ‘किरायदार’ हा शब्द घरोघरी निरनिराळ्या सुरात उच्चारला जाई. आमच्या आजोबांचा खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाशी दावा बारा वर्षे चालला. त्या काळात भाडे कोर्टात भरले जाई. दोन्ही घरांतले पुरुष एकमेकांशी बोलत नसत. पण संक्रांतीला खालून तिळगूळ वर येई, आणि आजी त्याच वाटीत हलवा घालून ती परत पाठवी. वाटी कोणाची, हे शेवटी कोणालाच सांगता येईना.