कडेवरची सही

बँकेत वीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळून माझी नजर इतकी बिघडली आहे, की लग्नपत्रिकाही मी उलटून पाहतो. म्हणूनच की काय, अर्जुनी मोरगावच्या आमच्या सत्तरीतल्या शेजाऱ्यांनी आजोबांची दोन पदकं माझ्यापुढे ठेवली. "पाहा बरं भाऊ, असली आहेत का?"

आता परीक्षण. पंचम जॉर्जच्या चेहऱ्याला भुलू नये. नकली पदकावरही तो तितकाच ऐटीत असतो. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४-१८) या पदकांची सही कडेवर असते: सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. जुनं नाव घासून नवं ठोकलं, की ३६ मिलिमीटरचा व्यास किंचित घटतो. खाडाखोड केलेला चेकच तो!

व्यास दोन्हींचा पुरा भरला. पण चांदीच्या युद्धपदकाची कडा गुळगुळीत.

"दर दिवाळीला चिंचेनं घासतो ना!" शेजारी अभिमानानं म्हणाले.

म्हणजे आजोबांचं नाव मायेनंच पुसलं होतं. ते शाबूत राहिलं ब्राँझच्या विजयपदकावर. त्याला कुणी घासण्याइतकी किंमतच दिली नव्हती!

मी शेरा दिला: ब्राँझ, सही स्पष्ट. चांदी, सही पुसट. चिंच यापुढे फक्त आमटीत.