उपवन आणि आलंबन : नगरातील निसर्गसौंदर्याचा प्रश्न

मराठी समीक्षेत निसर्ग आणि नगर ही बहुधा परस्परविरोधी पदे म्हणून वावरतात. एका टोकाला बालकवी (१८९०–१९१८), दुसऱ्या टोकाला ‘काही कविता’ (१९४७) मधील मर्ढेकर, ही मांडणी रूढ आहे. नियोजित वस्तीतील वृक्षराजीला या मांडणीत जागा नाही. तिचे सौंदर्य अस्सल मानावे की दुय्यम, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

संस्कृत नाटकातील प्रमदवन प्रणयाला पोषक म्हणून येते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत ते उद्दीपनविभाव होय. आलंबनत्व नायक-नायिकांकडेच राहते. नगरातील उद्यानाकडे पाहण्याची प्रचलित दृष्टीही याच वळणाची आहे. शिणलेल्या मनाला विसावा देणे, एवढेच त्याचे कार्य मानले जाते.

मुंबईतील दादर-माटुंगा परिसराचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्याच्या आखणीतून येथील रुंद रस्ते आणि पारशी कॉलनीतील ‘फाइव्ह गार्डन्स’ साकारली. वस्तीत हवा खेळती राहावी, हा त्यामागील आरोग्यविषयक हेतू. शहरात सर्वत्र दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा. आखणी सप्रयोजन आणि वृक्ष परदेशी. मग यात नैसर्गिक ते काय, असा आक्षेप संभवतो. स्वतंत्र आणि संकल्पनाश्रित सौंदर्यात भेद करणाऱ्या कांटने (१७९०) उद्यानरचनेची गणना चित्रकलेत केली, ही गोष्टही आक्षेपकाच्या बाजूची वाटते.

परंतु रचनेचा हेतू आणि रचनेत आणलेल्या जीवाचा व्यापार एकच नव्हेत. पर्जन्यवृक्षाची पाने सांजवेळी मिटतात, ती नगररचनाकाराच्या आज्ञेने नव्हे. लावणाऱ्याचे प्रयोजन जेथे संपते, तेथे वृक्षाचा स्वधर्म सुरू होतो. आणि आस्वादाचा विषय होतो तो हा स्वधर्म. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) चे महत्त्व येथे ध्यानात येते. या ग्रंथाची बांधणी स्थलानुसार नसून मासानुसार आहे. चैत्राची पालवी अरण्यात फुटली की रस्त्याच्या कडेला, हा भेद या बांधणीत गौण ठरतो. कालाच्या अक्षावर नगरातील वृक्षही निसर्गाचा पूर्ण सभासद असतो. उद्दीपनाचे आलंबन होते ते असे.

या भूमिकेला एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. उद्यानाची सावली सर्व वस्त्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. मर्ढेकरांचे लयतत्त्व पाने, प्रकाश आणि छाया यांतील संवाद-विरोध-समतोल उलगडू शकेल. सावलीच्या या विषम वाटपाबद्दल ते मौन पाळील. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली. तिच्या लौकिक ध्रुवाकडे पाठ फिरविली, तर नगरातील हिरवाईचे कौतुक हे सुस्थितांचे आत्मकौतुक ठरण्याचा धोका आहे. वृक्षाचा स्वधर्म आणि त्याच्या सावलीचा समाजधर्म, या दोहोंचे भान राखणारी समीक्षाच या सौंदर्याला न्याय देऊ शकेल.