घटोत्कच : एकदाच वापरायचा वीर

आता चौदाव्या रात्रीकडे वळू. कर्णानं कवचकुंडलं देऊन मिळवलेली वासवी शक्ती एकदाच चालणार, म्हणून ती त्यानं अर्जुनासाठी राखलेली. ती संपावी म्हणून कृष्ण घटोत्कचाला पुढं करतो. त्याच्या मायेपुढं कौरवसेना मोडते, कर्ण नाइलाजानं शक्ती सोडतो. पडतापडता देह वाढवून हा पोरगा अक्षौहिणीभर सैन्य चिरडतो! पांडव रडतात आणि कृष्ण नाचतो. वर म्हणतो, कर्णानं मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं. द्रोणपर्वातलं हे वाक्य आपल्या कथेकऱ्यांनी बहुधा गाळलंच. आणि आपण? मुलुंड काय, अंधेरी काय, ‘मृत्युंजय’ घराघरात. कर्णाची शक्ती गेली म्हणून आपण हळहळतो. हिडिंबेचा मुलगा गेला, हे त्या हळहळीत कुठंच नसतं.