३ ३ १ हे उत्तर कुणाचं?

सायखेड्यात बसून सी शिकणाऱ्या माझ्यासारख्यांना नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'चा मोठा आधार. पण जुन्या आवृत्तीत, फंक्शनच्या प्रकरणातलं एक उदाहरण तपासून बघा. व्हेरिएबल अ, व्हॅल्यू १. एकाच प्रिंटएफमध्ये अ, ++अ आणि अ++ छापलंय. आउटपुट ३ ३ १. कारण काय, तर आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे जातात.

++अ वाढलेली व्हॅल्यू देतं, अ++ जुनी. अ दोन्हींत वाढतोच. इथवर पक्कं. पण आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने मोजायची, हे सीचं स्टँडर्ड ठरवतच नाही. शिवाय आर्ग्युमेंटमधला स्वल्पविराम म्हणजे सीक्वेन्स पॉइंट नव्हे. मध्ये तो नसताना एकच व्हेरिएबल दोनदा बदललं की वर्तन 'अनडिफाइन्ड'. डावीकडून मोजणारा कंपायलर १ २ २ देईल, आणि तोही चुकलेला नसेल. म्हणजे ३ ३ १ हे एका कंपायलरचं उत्तर, भाषेचं नाही.

रिसर्चला येताना हा फरक लक्षात ठेवा. आपल्या मशीनवर दिसलं म्हणजे नियम सापडला, असं नसतं. पुस्तक जरूर वाचा. फक्त ++ वेगळ्या ओळीत लिहा.